इंझोरीची सगळ्यात बथ्थड जीभ

आमच्या गावात लग्न निघालं की आधी मुहूर्त विचारायचे, मग बँडवाल्याला गाठायचे, आणि बुंदीचा पाक भट्टीवर चढला की आमच्या बाबांना बोलावणं यायचं. बाबा काही आचारी नव्हते. खाऊनपिऊन सुखी शेतकरी, कपाशी आणि तूर हीच त्यांची विद्या, धोतराची निरी विस्कटलेली मी कधी पाहिली नाही. पण पाकात बोट बुडवून “झाला” म्हणायचा हक्क इंझोरीत फक्त त्यांचा होता. भट्टीपासून थोडी दूर त्यांच्यासाठी खाट टाकली जाई, खाटेवर सतरंजी, आणि आचारी पळीत पाक घेऊन वाकून उभा राही. बाबा पळीवर फुंकर घालत, करंगळीनं पाक उचलत, डोळे मिटत. सगळा मांडव गप्प होई. मग डोळे उघडून ते म्हणत, “फिक्का हाये. टाक अजून.” त्यांनी कोणताही पाक पहिल्या बोटात पास केल्याचं मला आठवत नाही. नवरीचा बाप मुकाट्यानं साखर आणायला माणूस धाडी.

आता साठी उलटल्यावर मला कोणाची भीडभाड उरलेली नाही, म्हणून सांगून टाकते. बाबांना गोड कळतच नव्हतं. तुम्हाआम्हाला चिमूटभर साखरेत जे कळतं, ते त्यांना मूठभर घातल्याशिवाय कळत नसे. गावात ज्याची जीभ सगळ्यात बथ्थड, त्यालाच गावानं चाखायला बसवलं होतं. त्याच्या मापानं अख्खं गाव वर्षानुवर्षं घशाशी येणारे लाडू खात होतं आणि वर “काय लाडू झाले बाप्पा” म्हणत होतं. पुढे मी शाळेच्या कमिटीत पाहिलं, पतपेढीच्या संचालकांत पाहिलं, देवळाच्या ट्रस्टमध्येही पाहिलं. नेमणुका साधारण अशाच होतात. त्यामुळे एकट्या इंझोरीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

घरातही त्याच जिभेचं राज्य होतं. चहा एकाच गंजात उकळे आणि उकळतानाच त्यात साखर पडे, तीही बाबांच्या मापानं. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला उठा म्हणण्यासारखं होतं. तो चहा तोंडात गेला की माझ्या अंगावर काटा येई. मी लहानपणी त्यात माठातलं पाणी ओतून घ्यायची, म्हणून माझं नाव फिक्की पडलं, आणि असं पडलं की माझं खरं नाव शाळेतल्या बाईंशिवाय कोणी घेतलं नाही. ही जीभ मला मायकडून आली होती. मायला कांद्यातलं गोड कळे, दुधातलं कळे, कोवळ्या वांग्यातलंही कळे. चुलीपुढे बसून आम्ही दोघी शेवटी जेवायचो. पुरुषांचा शिरा केव्हाच संपलेला असे, आमच्या पुढ्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. मी कुरकुर केली की ती म्हणे, “बारीक चाव वं. मंग गोड लागते.” आणि खरंच, भाकरीचा घास तोंडात घोळवत राहिलं की हळूहळू त्यात गोडी उतरायची. त्यात जादू काही नसते, भाकरीतल्या पिठाची तोंडातच साखर होऊ लागते, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांना मात्र मायची जीभ हा तिच्या माहेरचा दोष वाटे. “धनजवाल्याईले गोडाची सवय नाई,” ते चारचौघांत सांगत. “त्याईच्या घरी दिवाळीलेच साखर दिसे.”

“हो ना,” माय आतून म्हणे. “म्हणून तं दात शाबूत हायेत सगळ्याईचे.”

बाबांच्या दाढा तोवर बऱ्याचशा कारंज्याच्या दातवाल्याकडे जमा झाल्या होत्या. ते हसत आणि अजून एक कप मागत.

त्या वर्षी कापूस वेचून झाला आणि मायला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे. तांब्या तोंडाला लावला की रिकामा होईपर्यंत खाली येत नसे. रांजण भरून भरून मी थकले. अंगानं ती धडधाकट बाई, पण हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या, चोळ्या सैल झाल्या. त्यातच शेतात तुरीचं धसकट तिच्या पायाच्या अंगठ्यात घुसलं. हळद भरली, फडकं बांधलं, पण जखम काही सुकेना. घरात औषधपाण्याचा विभाग मोठीमायकडे होता. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची विधवा बायको. तिला प्रत्येक रोगाची दोनच कारणं ठाऊक होती, नजर आणि उष्णता. तिनं मायचा हात हातात घेतला, जीभ पाहिली आणि निकाल दिला. “उष्णता झाली वं तुले. साखरपाणी पे.”

झालं. बाबांनी हे काम स्वतःकडे घेतलं. बाबांचं मायवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. होतं, भरपूर होतं, पण ते करायची त्यांना एकच रीत माहीत होती. सकाळी शेतात जाण्याआधी ते स्वतःच्या हातानं पितळी पेल्यात साखर घोळवत, ती विरघळेना इतकी टाकत, आणि माय पिऊन होईपर्यंत समोर उभे राहत. संध्याकाळी पुन्हा तेच.

“मले नाई जात गोड,” माय म्हणे. “घशातच अटकते.”

“औषध म्हणून पे.”

तहान लागली म्हणून साखरपाणी, साखरपाणी प्याली म्हणून पुन्हा तहान. आणि तहान वाढली की मोठीमाय म्हणे, उष्णता लय जुनी दिसते, पेला मोठा घ्या. घरातल्या एकाही माणसाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. वाटायचं कारणच नव्हतं, सगळे तिच्या भल्यासाठीच झटत होते.

अशात कारंज्याहून बातमी आली की बाबांच्या ओळखीच्या एका अडत्याला साखरेचा आजार निघाला. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे जेवले, पण गप्प बसून जेवले. “थो तं माह्या अर्धंबी खात नाई,” ते म्हणाले. “मंग माह्यं काय होईन?” आवाजात काळजी होती, पण काळजीखाली थोडा दिमाखही होता, तो मला तेव्हाही ऐकू आला. तेव्हा हा आजार मोठ्या लोकांचा समजत. ज्याच्या घरी तूप-साखर, त्यालाच तो शोभे. मजुराला साखर झाली म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कुठून आणली? बाबांनी तपासून घ्यायचं ठरवलं. बाहेरचं अन्न त्यांना चालत नसे, म्हणून डबा घेऊन माय, आणि लंगडत्या मायचा हात धरायला मी, अशी आमची वरात एसटीनं कारंज्याला निघाली.

डॉक्टर म्हातारे होते, जाड चष्म्याचे. ते बाबांना प्रश्न विचारत होते आणि बाबा आपल्या खाण्याचा इतिहास सांगत होते, कोणत्या लग्नात किती जिलब्या, कोणाच्या रसाच्या पंगतीत किती वाट्या. तेवढ्यात माय कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. पुन्हा गेली. पुन्हा गेली. डॉक्टर चष्म्यावरून पाहत राहिले.

“बाई, तुम्हाला तहान फार लागते का?”

“उष्णता हाये तिले,” बाबांनी परस्पर उत्तर दिलं. “आमी साखरपाणी देऊन राह्यलो ना.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एक नव्हे, दोन बाटल्या दिल्या. दोघांनी मागच्या बाजूला जाऊन त्या भरून आणल्या आणि आत पोचवायला माझ्याकडे दिल्या, बाबांची उजव्या हातात, मायची डाव्यात. डॉक्टरांनी आमच्यासमोरच स्पिरिटचा दिवा पेटवला. काचेच्या नळीत मोरचुदासारखं निळं औषध घेतलं, त्यात बाबांच्या बाटलीतले थेंब टाकले आणि नळी तापवली. निळं ते निळंच राहिलं. मग दुसरी नळी. मायचे थेंब पडले, नळी गरम झाली, आणि ते निळं आधी हिरवट झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

“तुम्हाला काही नाही,” डॉक्टर बाबांना म्हणाले. “साखर यांना आहे, आणि पुष्कळ आहे.”

बाबा आधी हसले. मग माझ्याकडे पाहिलं. “पोट्टीनं बाटल्या बदलल्या.”

“नाई बाबा. उजव्या हातात तुमची होती.”

“तुले उजवा-डावा कधी कळला?” ते उठून उभे राहिले. त्यांचा खरोखर अपमान झाला होता. “डॉक्टरसाहेब, सात गावांत माह्याएवढं गोड कोणी खात नाई. अन् आजार हिले, जी साखरेकडे पाह्यत बी नाई? काही तरी न्याय ठेवा.”

डॉक्टरांनी समजावलं, की हा आजार खाण्याची मजुरी म्हणून मिळत नाही, ज्याचं त्याचं शरीर वेगळं, एकाच ताटातलं दोघांना वेगळं लागतं आणि वेगळं पचतं. पुन्हा तपासू म्हणाले. पण बाबांनी चपला घातल्या होत्या. परतीच्या एसटीत ते पुढे बसले. माय खिडकीशी होती. धनजचा फाटा मागे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “उजव्या हातात कोणाची होती वं?”

“बाबाची.”

तिनं मान हलवली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

घरी आल्यावर बाबांनी आपला आजार मर्दासारखा स्वीकारला. ओसरीवर खाट पडली. समाचाराला गाव लोटलं. बाबांनी चहातली साखर बंद केली आणि तिथे गूळ टाकायला लावला, दुप्पट. मी म्हटलं, बाबा, गूळ गोडच असतो ना. ते म्हणाले, “डॉक्टरनं साखर म्हटलं. गुळाचं नाव घेतलं काय त्यानं?” एवढं बोलून गुळाचा खडा तोंडात टाकला. सकाळी कारल्याचा रस, त्यावर उतारा म्हणून गूळपोळी. कडू आणि गोड पोटात एकमेकांना कापतात, असं त्यांचं गणित होतं. आलेला प्रत्येक जण “लय त्याग केला बाप्पा तुमी” म्हणून जाई. आणि त्या सगळ्यांचा चहा करायला पायाला फडकं बांधलेली माय चुलीपुढून उठत-बसत होती. बाबांच्या वाटची साखर घरात शिल्लक पडायला लागली, ती मायच्या पेल्यात जाऊ लागली.

मी त्या पेल्यातलं मोरीत ओतून साधं पाणी भरायला लागले. बाबांचं लक्ष नसेल तेव्हा जमायचं, मोठीमाय दारात बसली असली की नाही. माय एक घोट घेई, माझ्याकडे पाही, आणि मुकाट्यानं पेला संपवी. पण अंगठा काळा पडत चालला. एका दुपारी ती डाळ निवडत बसली होती आणि मध्येच सूप खाली ठेवून दिलं.

“खडे दिसून नाई राह्यले मले,” ती म्हणाली. मग बराच वेळ सूपच चाचपत राहिली. “मले भेव वाटून राह्यलं, फिक्के. साखरेनं नाई वं, ह्यायच्या लाडानं मरीन मी.”

मायला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. विंचवाला ती चपलेनं मारायची. मला बाबांचा असा राग आला की तो अजून पुरता उतरलेला नाही.

बाबांना मात्र आपल्या त्यागाचं फळ पाहायचं होतं. कारंज्याला पुन्हा जायचं ठरलं, आणि या खेपेला त्यांनी बंदोबस्तच केला. घरूनच बाटली भरली, बुचावर काळा दोरा आवळून गाठ मारली, आणि ती बाटली स्वतःच्या कमरेच्या करदोड्याला बांधली, धोतराच्या आत. माझा हात लागू नये म्हणून. एसटीत अख्ख्या रस्त्यानं ते पोट धरून बसले होते; कंडक्टरनं विचारलंही, काका, दुखून राह्यलं काय? मायचा पाय टेकत नव्हता म्हणून ती घरी राहिली. निघताना तिनं भाकरींचं फडकं माझ्या हातात दिलं. ते नेहमीपेक्षा जड होतं. “यात एकच हाये,” ती हळू म्हणाली. “दुसरी त्याईच्या कमरेले. आता पाह्यतो कशी बदलते थे.”

डॉक्टरांपुढे बाबांनी पाठ करून बाटली सोडली. गाठ शाबूत असल्याचं आधी डॉक्टरांना दाखवलं, मग मला. नळी तापली. निळी राहिली.

“पाह्यलं?” बाबा खुलले. “गुळानं साफ केली.”

“मागेही साफच होती,” डॉक्टर म्हणाले.

मी फडकं सोडलं, भाकरींमधून मायची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. कोणाची हे सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी दुसरी नळी घेतली, आणि हिरवट-पिवळं व्हायला या वेळी वेळच लागला नाही, सरळ वीट झाली. बाबा त्या नळीकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात कमरेकडे गेला, करदोडा चाचपला. बदलायला काही नव्हतं, दोष द्यायला कोणाचा हात नव्हता. ते स्टुलावर बसले. म्हणाले, “म्हंजे मले काहीच नव्हतं?”

त्या आवाजात दुःख होतं. देवाशप्पथ सांगते, दुःख होतं. आयुष्यभर राबून कमावलेलं दुसऱ्याच्या नावावर चढावं तसं.

“तुमाले काहीच नाई,” मी म्हणाले. “माय मरून राह्यली तिकडे.” बाबांशी असं मी कधी बोलले नव्हते. हात उठेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. हात उठला नाही. डोळे उघडले तर ते स्वतःचा तळहात बघत होते, साखर घोळवायचा उजवा.

“साखरपाणी मी देत होतो तिले,” ते डॉक्टरांना म्हणाले. “ह्या हातानं.”

डॉक्टर म्हणाले, “रडायला नंतर वेळ आहे. तिला आजच्या आज आणा.”

बाबांनी बाजारातून जीप ठरवली आणि संध्याकाळच्या आत माय दवाखान्यात होती. अंगठा गेला. पाऊल वाचलं. इंजेक्शनं सुरू झाली, तहान हटली, आणि काही आठवड्यांनी तिनं डाळीतला खडा उचलून मला दाखवला. ती घरी आली त्या दिवशी बाबांनी स्वतः बाजारातून स्टीलचं झाकणाचं भांडं आणलं, त्यात साखर भरली आणि चुलीजवळ नेऊन ठेवलं. “चा फिक्काच उकळा. ज्याले लागन त्यानं वरून घ्याव.” एवढंच बोलून बाहेर गेले. मायनं बिनसाखरेच्या दुधाच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि तो जिभेवर तसाच धरून ठेवला. “दुधाचंच किती गोड असते वं,” ती म्हणाली. पाहुणे मात्र वर्षभर नाराज होते, की या घरी आता साखर आपल्या हातानं वाढून घ्यावी लागते.

आता तोच फिका चहा प्रतिष्ठेचा झाला आहे. मी कुठेही गेले की यजमान अदबीनं विचारतात, “शुगर हाये का तुमाले?” पूर्वी शेती किती म्हणून विचारायचे, त्याच सुरात. आणि हो, मलाही आहे. मायकडून मला दोनच गोष्टी आल्या, जीभ आणि साखर. जन्मात मी गोडाला शिवले नाही, तरी नवा डॉक्टर भेटला की बोटाला टोचता टोचता म्हणतो, आजी, मिठाई कमी करा. मी मान हलवते. बाबांना हे ऐकायला मिळालं असतं तर धन्य झाले असते.

बाबा बाबाच राहिले, बदलले असं लिहून मी त्यांची अब्रू घालवणार नाही. साखर आपल्यालाच होती आणि आपण ती गुळानं बरी केली, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. लोक दुरून सल्ला घ्यायला येत आणि गुळाची ढेप घेऊन परत जात. माय आतून ऐके, आणि पाहुणा उठला की म्हणे, “त्याईची मी घेतली ना अंगावर, म्हणून बरे झाले.” बाबा ते ऐकू न आल्यासारखं करत. पण त्यानंतर पुष्कळ वर्षं, माय होती तोवर, तिचं इंजेक्शन ते बर्फाच्या थर्मासातून स्वतः आणत, आणि ती आधी जेवल्याशिवाय पुरुषांचं पान मांडू देत नसत; इंजेक्शन घेतलं की उपाशी राहून चालत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून. मोठीमाय म्हणे, जग बुडालं.

माय गेली तेव्हा तेरवीला बुंदीचे लाडू ठरले. भट्टी पेटली, पाक चढला, आणि सवयीनं कोणीतरी खाट टाकली. बाबा खूप थकले होते, दोघांनी धरून आणलं. आचाऱ्यानं पळी पुढे केली. त्यांनी करंगळी बुडवली, डोळे मिटले, मांडव गप्प झाला. “फिक्का हाये,” ते म्हणाले. आचाऱ्यानं साखरेचं पोतं ओढलं. बाबांनी हात वर केला आणि ते कोणाला तरी शोधायला लागले. मी बायकांमध्ये उभी होते.

“फिक्के, इकडे ये. तू पाह्य.”

मी चाखलं. पुरेसं होतं. कित्येक वर्षांत त्या गावात पहिल्यांदा पुरेसं होतं. “झाला,” मी म्हणाले. आचारी बाबांकडे बघू लागला. “तिनं सांगतलं ना,” बाबा म्हणाले. “उतरव.”

पंगतीत कुजबुज सुरू झाली. लाडू फिक्के झाले बाप्पा, या घरी असे कसे झाले. एक जण तर बाबांनाच म्हणाला. बाबा काठी टेकत पंगतीतून फिरत होते. ते त्याच्यासमोर थांबले, कमरेत वाकले, आणि त्याच्या पानात अजून एक लाडू ठेवला.

“बारीक चाव,” ते म्हणाले. “मंग गोड लागते.”